‘मूळ रूप’ नावाचं थोतांड

इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टन शहराच्या उत्तरेला दहाएक किलोमीटरवर ब्रिक्सवर्थ नावाचं गाव आहे. तिथल्या ‘ऑल सेंट्स’ या चर्चबद्दल एखादं रील समोर आलं तर त्यात एक वाक्य हमखास असणार: ‘हे चर्च बाराशे-तेराशे वर्षं जुनं आहे.’ वाक्य खोटं नाही. फक्त रील बनवणारा बहुतेक वेळा चर्चच्या पूर्वेच्या टोकाला जाऊन उभा राहतो, कारण फोटो तिथला छान येतो. आतून अर्धगोल आणि बाहेरून अनेक कोनांची, अशी वेदीमागची भिंत तिथे आहे. अगदी प्राचीन दिसते. तिचा थोडासा भाग सोडला तर ती १८६५ सालची आहे. म्हणजे आपल्या पुणे-मुंबई रेल्वेच्या वयाची.

चार्ल्स वॉटकिन्स नावाचा एक पाद्री १८३२ पासून पुढची चाळीस वर्षं या चर्चचा प्रमुख होता. माणूस अभ्यासू होता, चर्चवर त्याचं मनापासून प्रेम होतं आणि गोची नेमकी तिथेच झाली. त्याच्या काळात चर्चच्या पूर्वेला एक चौकोनी चान्सेल होतं. चान्सेल म्हणजे वेदीची जागा, आपल्याकडचा गाभारा म्हणा. हे चान्सेल मध्ययुगातलं होतं. गावातल्या कित्येक पिढ्यांची लग्नं आणि अंत्यविधी त्याच्यासमोर झाले होते. पण त्याच्याखाली आणखी जुना, अर्धगोल पाया असल्याचं वॉटकिन्सला कळलं. मग काय! चौकोनी चान्सेल ‘नंतरचं’ ठरलं, म्हणून ‘खोटं’ ठरलं, म्हणून पाडलं. जुन्या पायाच्या रेषेवर नवी अर्धगोल भिंत बांधली आणि चर्च ‘मूळ रूपात’ आलं असं जाहीर झालं.

माझं म्हणणं असं की ‘मूळ रूप’ ही जुन्या इमारतींना झालेली सगळ्यात वाईट बाधा आहे. पाऊस, वीज, वाळवी, युद्धं आणि दुर्लक्ष यांनी चर्चची हानी केलीच. पण ती हानी दिसते. ‘मूळ रूप परत आणतो’ म्हणणाऱ्यांनी केलेली हानी दिसत नाही, उलट तिचे फोटो काढले जातात.

ब्रिक्सवर्थची इमारत जरा नीट बघू या, कारण ती स्वतःच या कल्पनेची टर उडवते. मधल्या मुख्य दालनाच्या दोन्ही बाजूंना मोठ्या कमानी आहेत. त्यांत लाल, चपट्या विटा बसवल्या आहेत. या विटा रोमन आहेत, म्हणजे चर्चपेक्षा कितीतरी शतकं जुन्या. रोमन लोक ब्रिटन सोडून गेले, त्यांच्या इमारती ओस पडल्या आणि सॅक्सन गवंड्यांनी तिथला माल उचलून आणला. दगड-विटांचा अभ्यास करणाऱ्यांच्या मते त्यातला काही माल लेस्टरहून, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरवरून आला असावा. विटांची कमान कशी रचायची याची सवय या गवंड्यांना फारशी नव्हती, हेही दिसतं. कमानीतली वीट खरं तर मध्यबिंदूकडे तोंड करून बसायला हवी. इथे ती जरा आडवीतिडवी बसली आहे. तरी कमानी बाराशे वर्षं उभ्या आहेत. म्हणजे ज्या इमारतीला आपण ‘मूळ’ म्हणतोय, ती पहिल्या दिवसापासूनच दुसऱ्याच्या इमारतीच्या तुकड्यांची होती. वॉटकिन्सचा न्याय लावायचा तर या विटा काढून लेस्टरला परत पाठवायला हव्यात.

पुढची गंमत तर आणखी मोठी. पश्चिमेला सुरुवातीला दुमजली देवडी होती, तिच्यावर नंतर मनोरा चढवला. मनोऱ्याला बाहेरून चिकटलेला एक गोल जिना आहे, तो त्याच्याही नंतरचा. असे सॅक्सन जिने अख्ख्या इंग्लंडमध्ये मोजून चार उरले आहेत. मनोऱ्याचा वरचा भाग आणि निमुळता सुळका चौदाव्या शतकातला. दक्षिणेचा दरवाजा नॉर्मन लोकांनी जुन्या कमानीच्या आत बसवला, आणि त्याच्या चौकटीत त्याहून जुना कोरीव गरुड आहे. आग्नेयेचं मेरीमातेचं दालन तेराव्या शतकाच्या शेवटी जोडलं. मुख्य दालनाच्या दोन्ही बाजूंना पूर्वी लहान खोल्यांची रांग होती, ती कधीच गेली. कमानी मात्र राहिल्या, त्यांची तोंडं भरून घेतली आणि त्यांत खिडक्या बसवल्या. प्रत्येक शतकाने आपल्या गरजेसाठी काहीतरी जोडलं, काहीतरी बुजवलं. आता सांगा, यातलं ‘मूळ’ कुठलं? कुठल्या वर्षावर बोट ठेवून घड्याळ थांबवायचं?

वॉटकिन्सने घड्याळ थांबवायला निवडलेला क्षणही नंतर हलला. १८६७ मध्ये त्याने बॅसिलिका या रोमन इमारत-प्रकारावर पुस्तक लिहिलं आणि ब्रिक्सवर्थला त्या परंपरेत बसवलं. पुढे बराच काळ लोक मानत की हे चर्च इसवी सन ६८० च्या सुमारास पीटरबरोच्या मठाने बांधलं. आताचे अभ्यासक ते शंभरेक वर्षं पुढे, आठव्या शतकाच्या अखेरीकडे किंवा नवव्याच्या सुरुवातीला ढकलतात. अभ्यासाचं हे असंच चालतं. नवा पुरावा येतो, मत बदलतं, त्यात वाईट काहीच नाही. पण मत बदलता येतं, पाडलेलं चान्सेल परत आणता येत नाही. कागदावरचा सिद्धांत खोडरबराने पुसता येतो. दगडात उतरवलेला सिद्धांत पुसायला पुन्हा काहीतरी पाडावं लागतं.

आणि एक विनोद राहिलाच. हे चर्च अँग्लिकन आहे, पण ते बांधलं तेव्हा अँग्लिकन नावाची चीज जगात नव्हती. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपशी संबंध तोडले आणि इंग्लंडचं चर्च वेगळं झालं. त्याआधीची सातशेहून जास्त वर्षं ही इमारत कॅथलिक होती. त्या अर्धगोल भिंतीभोवती जमिनीच्या पातळीखाली एक वळसा घालणारी बोळ आहे. तिच्यावर एकेकाळी छत होतं, आता ती आभाळाखाली उघडी पडलेली आहे. कुठल्याशा संताचे अवशेष तिथे असावेत आणि लोकांनी फेरी मारून त्यांचं दर्शन घ्यावं, यासाठी ती खोदली होती असं मानतात. प्रदक्षिणाच की ही! सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी अवशेषांची पूजा अंधश्रद्धा म्हणून बंद केली. तीनशे वर्षांनी एका अँग्लिकन पाद्र्याने नेमक्या त्या पूजेसाठी बेतलेला आकार पुन्हा उभा केला आणि त्यासाठी आपल्याच पंथाने वापरलेलं चान्सेल पाडलं. ‘मूळ’ हवं म्हणताना ते कुणाचं मूळ, हा प्रश्न त्याला पडला की नाही कोण जाणे.

वॉटकिन्स एकटा नव्हता. तो बिचारा लाटेतला एक थेंब. १८३९ मध्ये केंब्रिजच्या तरुणांनी ‘केंब्रिज कॅम्डेन सोसायटी’ काढली. चर्चची इमारत कशी असावी हे ठरवण्याचा ठेकाच जणू त्यांनी घेतला. त्यांच्या मते साधारण इसवी सन १३०० च्या आसपासची गॉथिक शैली म्हणजे परिपूर्णता. त्याआधीचं कच्चं, त्यानंतरचं बिघडलेलं. पुढच्या काही दशकांत इंग्लंडमधल्या हजारो गावचर्चवर हे खूळ चालून गेलं. अठराव्या शतकातली दरवाजावाली लाकडी बाकं काढली. पश्चिमेच्या सज्ज्यात बसून फिडल नि बासून वाजवणाऱ्या गावकऱ्यांना खाली उतरवलं, सज्जे तोडले, ऑर्गन आणला. भिंतींवरचा चुन्याचा गिलावा खरवडून खालचा ओबडधोबड दगड उघडा केला, कारण तो ‘अस्सल’ वाटतो. मध्ययुगात तो दगड कुणालाच दिसत नव्हता, त्यावर गिलावा आणि रंगीत चित्रं असायची. ती चित्रं सोळाव्या-सतराव्या शतकात सफेदीखाली झाकली गेली होती, म्हणूनच टिकली होती. गिलाव्याबरोबर कित्येक ठिकाणी तीही खरवडून गेली.

या खुळाची एक फांदी आपल्याकडेही आली. कुलाब्याचं अफगाण चर्च बघा, १८५८ मध्ये त्याचं विधिवत उद्घाटन झालं. विहार तलावाची पाणीयोजना आखणाऱ्या हेन्री कॉनिबेअरने ते रचलं, आणि कॅम्डेनवाल्यांच्या अपेक्षांबरहुकूम रचलं. म्हणजे समुद्राकाठच्या दमट हवेत तेराव्या-चौदाव्या शतकातलं इंग्रजी खेड्यातलं आदर्श चर्च. माझं त्याच्याशी काही भांडण नाही. ते कुणाला पाडून बांधलेलं नाही, आणि ते सुंदर आहे. स्वप्न रिकाम्या जमिनीवर बांधा की, कोण अडवतंय? दुसऱ्याच्या घरावर बांधू नका एवढंच.

या पंथाचा सगळ्यात व्यग्र माणूस जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. फोर्टमधला राजाबाई टॉवर आणि त्याला लागून असलेली मुंबई विद्यापीठाची लायब्ररी याच स्कॉटची. मुंबईत एकदाही पाऊल न ठेवता लंडनहून नकाशे पाठवून त्याने ती रचली. त्याच्या नावावर आठशेहून जास्त इमारतींचं काम सांगितलं जातं, त्यात नव्या बांधण्याइतकीच जुन्या ‘सुधारण्याची’ कामंही होती. १८७७ च्या मार्चमध्ये विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने वाचलं की ट्यूक्सबरीचं जुनं चर्च आता स्कॉटच्या हाती लागतंय. त्याचं डोकं फिरलं. त्याने ‘अथेनियम’ साप्ताहिकाला पत्र लिहिलं आणि त्याच महिन्यात प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिला लोक ‘अँटी-स्क्रेप’ म्हणत. ‘खरवडविरोधी मंडळ’ म्हणा ना! मॉरिसचं सांगणं अगदी घरगुती होतं: इमारतीची रोज काळजी घ्या, गळतं तिथे बुजवा, कललं तिथे टेकू द्या आणि आपण लावलेलं ठिगळ ठिगळासारखं दिसू द्या.

या मंडळाची एक पद्धत मला फार आवडते. दगड झिजून खड्डा पडला की त्याच जातीचा नवा दगड तासून, जुनाट दिसेल असा बसवायचा, ही स्कॉटछाप रीत. मंडळाच्या वास्तुरचनाकारांनी तिथे चपट्या भाजलेल्या टाइल्स चुन्यात एकावर एक रचायला सुरुवात केली. लांबूनही कळतं की हा तुकडा नंतरचा आहे. भिंत टिकते आणि खोटं बोलत नाही. गंमत म्हणजे हे दिसतं अगदी ब्रिक्सवर्थच्या कमानीतल्या रोमन विटांसारखं. सॅक्सन गवंड्याला कुणी तत्त्वज्ञान शिकवलं नव्हतं, तरी त्याला ते जमलं होतं.

स्कॉटच्या बाजूने एक मुद्दा मी मान्य करतो, आणि तो लहान नाही. १८३० च्या आसपास इंग्लंडमधली कित्येक गावचर्च पडायला आली होती. छतं गळत होती, भिंती बाहेर झुकल्या होत्या. व्हिक्टोरियन पैसा आणि व्हिक्टोरियन उत्साह नसता तर त्यातली बरीचशी आज उभी नसती. खरं आहे. पण छत शाकारण्यासाठी सज्जा तोडावा लागत नाही. भिंत सरळ करण्यासाठी पंधराव्या शतकातली खिडकी काढून तेराव्या शतकाची नक्कल बसवावी लागत नाही. दुरुस्तीच्या बिलात शुद्धीकरणाचा खर्च घुसडला गेला, तक्रार ती आहे.

मराठीत आपली पंचाईत शब्दापासूनच होते. आपण सरसकट ‘जीर्णोद्धार’ म्हणतो. त्या शब्दातच निकाल लागलेला आहे: जे जीर्ण ते पतित, आणि येणारा तो उद्धारक. ‘डागडुजी’ म्हटलं की माणूस शिडी घेऊन येतो. ‘जीर्णोद्धार’ म्हटलं की पावतीपुस्तक, फलक आणि उद्घाटनाची कात्री घेऊन येतो.

मोडतोड करणाऱ्यांतही प्रामाणिक माणसं होऊन गेली, म्हणून विल्यम डाउसिंगची आठवण काढतो. इंग्लंडच्या यादवी युद्धात, १६४३-४४ मध्ये, हा कडवा प्युरिटन केंब्रिजशर आणि सफोकमधल्या अडीचशेच्या आसपास चर्चमध्ये फिरला. रंगीत काचा फोडल्या, मूर्ती आणि क्रूस उतरवले, आणि कुठे काय तोडलं याची रोजनिशी ठेवली. त्याचा हेतूही ‘मूळ’ गाठण्याचाच होता, त्याच्या लेखी मूळ म्हणजे चित्र-मूर्तींच्या आधीचा शुद्ध ख्रिस्ती धर्म. फरक एवढाच की डाउसिंग म्हणाला, मी तोडतोय. वॉटकिन्स-स्कॉट म्हणाले, आम्ही वाचवतोय. डाउसिंगने फोडलेल्या खिडकीची जागा रिकामी दिसते आणि आपल्याला काय गेलं ते कळतं. वॉटकिन्सने पाडलेल्या चान्सेलच्या जागी आपण सेल्फी काढतो.

कादंबरीकार थॉमस हार्डी मुळात वास्तुरचनाकाराचा मदतनीस होता, आणि चर्चच्या ‘सुधारणे’ची कामं त्याने स्वतः केली होती. १८७० मध्ये अशाच कामासाठी तो कॉर्नवॉलमधल्या सेंट ज्युलियटच्या चर्चला गेला आणि तिथेच त्याला त्याची पहिली बायको एमा भेटली. दोनच वर्षांनी आलेल्या त्याच्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ कादंबरीत ऑर्गनमुळे बेदखल होणारे गावचे वादक आहेत. पुढे १९०६ मध्ये मॉरिसच्या मंडळासाठी त्याने या कामांच्या आठवणी लिहिल्या, त्यात पश्चात्ताप उघड आहे. एवढा मोठा लेखक आणि स्वतः त्या धंद्यातला माणूस ‘आम्ही काय करून बसलो’ म्हणतोय, तर त्याचं ऐकायला हरकत नसावी.

‘मग काय, काहीच बदलायचं नाही? चर्चचं म्युझियम करायचं?’ हा प्रश्न येणार, तर त्यासाठी बाथला जाऊ. बाथ अ‍ॅबी हे नावाला अ‍ॅबी, पण मठ बंद झाल्यावर ते शहराचं पॅरिश चर्च झालं, म्हणजे त्या हद्दीत राहणाऱ्यांचं रोजचं चर्च. आजची इमारत १४९९ मध्ये सुरू झाली. वेदीकडच्या भागाला पंख्यासारखं उलगडणारं अप्रतिम दगडी छत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बसलं. मुख्य दालनाला ते मिळालंच नाही, पुढे बराच काळ तिथे साधंच छत होतं. १८६० नंतर स्कॉट आला आणि त्याने पूर्वेच्या छताची हुबेहूब जोड पश्चिमेला दिली. आज पर्यटक मान वर करून दोन्ही छतं एकाच काळाची समजतात. स्कॉटने लाकडी बाकंही भरली. त्या बाकांखाली शेकडो थडग्यांच्या कोरीव शिळा झाकल्या गेल्या, आणि त्यांच्याखाली शतकानुशतकांच्या दफनांमुळे जमीन पोकळ होत चालली होती.

काही वर्षांपूर्वी चर्चने स्कॉटची बाकं काढायची ठरवली. जमीन खचत होती, ती भरायची होती. खालून गरम झऱ्याच्या पाण्याने ऊब द्यायची होती, आणि जेवणावळी, मैफली, सभा यांसाठी मोकळी जागा हवी होती. व्हिक्टोरियन वारसा जपणाऱ्या संस्थेने कडाडून विरोध केला. ज्या स्कॉटला मॉरिसने झोडपलं, त्याची बाकं वाचवायला आता वारसाप्रेमी उभे! प्रकरण चर्चच्या न्यायालयात गेलं, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, आणि मुख्य दालनातली बाकं गेली.

मला विचाराल तर तो निर्णय योग्य होता, आणि त्याने माझ्या मुद्द्याला धक्का लागत नाही. बाकं ‘खोटी’ म्हणून गेली नाहीत, ‘अडचणीची’ म्हणून गेली. गरजेपोटी बदलणं हे तर चर्चचं जुनंच वळण. ब्रिक्सवर्थचा जिना, नॉर्मन दरवाजा, मनोऱ्यावरचा सुळका हे सगळे असेच बदल. बाकं गेल्याचं नुकसान आहेच, ते नुकसान म्हणून मान्य केलं गेलं. उद्या कुणी म्हणालं की दालनावरचं छत स्कॉटचं आहे, सोळाव्या शतकातलं नाही, म्हणून उतरवून ‘मूळ’ साधं छत लावा, तर मी स्कॉटच्या बाजूने दारात आडवा पडेन.

हे सगळं आज का उगाळायचं? कारण इंग्लंडच्या चर्चकडे आज सोळा हजारांच्या घरात इमारती आहेत, त्यातल्या बहुसंख्य संरक्षित यादीत आहेत, आणि रविवारी त्यांत बसणारी माणसं घटत चालली आहेत. पुष्कळ गावांत मूठभर म्हातारी माणसं सातशे वर्षांच्या छताची जबाबदारी घेऊन बसली आहेत. छतावरचं शिसंही चोर उचकटून नेतात. पैसा मागावा तर लोकांना ‘आधी’ आणि ‘नंतर’चा फोटो हवा. पानांनी तुंबलेली पन्हळ साफ केल्याचा फोटो कोण शेअर करणार? पण पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत मुरतं, भिंतीतून तुळईच्या टोकाला पोचतं, तुळई कुजते आणि छत खाली येतं. मग उद्धारक येतात. वर्षातून दोनदा शिडी लावणाऱ्या माणसाला एकही लाइक मिळत नाही, आणि त्यानेच कळस शाबूत ठेवलेला असतो.

वॉटकिन्सची ती अर्धगोल भिंत आता दीडशे वर्षांची होऊन गेली. कायद्याने ती बाकीच्या चर्चइतकीच संरक्षित आहे, आणि ती पाडून मध्ययुगीन चान्सेल परत आणा असं कुणी म्हणालं तर ते वेडेपणाचं ठरेल. ती राहू दे. तिच्यापुढे उभं राहून रीलही काढा. फक्त कॅमेरा जरा उत्तरेला वळवा. तिथे जुन्या, खऱ्या सॅक्सन भिंतीचा वाचलेला तुकडा आहे, आणि जरा निरखून पाहिलं तर जुनं कुठे संपलं नि १८६५ कुठे सुरू झालं, ती रेघ सापडते.